हाकेचं अंतर

कलम जुनं आहे, तुर्की सुलतानाच्या काळातलं.
गावच्या शेवटच्या घरापाशी उभं राहून
मोठ्या आवाजाच्या माणसानं हाक मारावी.
जिथं ती ऐकू येत नाही
तिथून पुढची जमीन मेलेली.
मेलेली जमीन सरकारची.

सुलतान गेले, इंग्रज गेले, जॉर्डनचे शिपाई गेले,
कलम राहिलं.
मी मोजणी खात्यात आहे, सव्वीस वर्षं.
माणसाच्या घशाचं माप मला विचारू नका,
मला टेप द्या.

तरी वकिलांनी हट्ट धरला,
म्हणून मंगळवारी सकाळी मी टेकडीवर.
सात कॅरव्हॅन, पाण्याची टाकी, कोंबड्यांचं खुराडं,
आणि कुणीतरी देणगी दिलेली पिवळी घसरगुंडी.
पाडण्याचा हुकूम अकरा वर्षांचा झालाय,
इथल्या थोरल्या पोरीएवढा.
विजेचे खांब मात्र हुकमाच्या आधी आले होते.
खांबांवर कुणाची सही नसते.

हेगला विचारलं तर या डोंगररांगेवरचं सगळंच बेकायदा.
जेरुसलेमला विचारलं तर एवढंच,
तेही मार्चपर्यंत. मग नियमित होईल म्हणतात.
तिर्त्साला विचारलं,
तर तिनं कागदी कपात कॉफी दिली,
म्हणाली, साखर संपलीय.

खाली खिरबेत सुम्माक.
शेवटचं घर अबू मुस्लेहचं, निळ्या दाराचं.
दुर्बिणीतून दिसलं, म्हातारा कोट घालून आलाय,
कोर्टात जायचा कोट.
पुतण्या फोनवर विचारतो, काय ओरडायचं?
फॉर्ममध्ये शब्द दिलेला नाही.
मी म्हणालो, काहीही.

जनरेटर बंद करा, मी सांगितलं.
फ्रिजमध्ये बाळाचं औषध आहे, एल्काना म्हणाला.
पाच मिनिटं.
तो थांबला, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा
मला इथला वारा ऐकू आला,
बदामाच्या उघड्या फांद्यांतून जाणारा.
(बदाम कुणी लावले, तो वेगळा खटला.)

मग हाक.

जमीन माझी आहे, असलं काही तो ओरडला नाही.
आजोबांचं नाव नाही, खटल्याचा नंबर नाही.
त्यानं गाढविणीला हाक मारली,
रस्त्यावर फाटक बसायच्या आधी
या चढावर चरायला सोडायचा तिला, तशीच,
दिवेलागणीला मारतात तशी,
शेवटचा स्वर ताणून, थोडा रागावून,
झर्काऽऽऽ.

घसरगुंडीच्या माथ्यावर बसलेल्या थोरल्या पोरीनं
मान वळवून ओ दिली,
"मा?"
म्हणजे, काय?

आई तिला आत घेऊन गेली.
एल्कानानं जनरेटर सुरू केला.
तीनच मिनिटं झाली होती, मी काही बोललो नाही.

फॉर्मवर दोन चौकोन असतात.
मी आधी वाऱ्याची दिशा लिहिली. वायव्य.
वेळ लिहिली. नऊ सतरा.
पुतण्याला फोनवर विचारलं, गाढवीण कुठंय?
मेली, म्हणाला, चार वर्षं झाली.
कॉफी निवली होती. कप ठेवायला
सपाट दगड सापडेना.

मी खूण केली "ऐकू आली"वर.

वरिष्ठांचा शेरा आलाय:
मोजणीदाराचे कान ग्राह्य धरावेत काय,
तसेच हाक माणसास होती की जनावरास,
याबाबत विधी शाखेचा अभिप्राय मागवावा.
फाइल तिकडे आहे.
मार्च जवळ येतोय, टेकडीवर आठवा कॅरव्हॅन आलाय,
आणि खालून, ऐकतो, म्हातारा रोज सकाळी
कोट न घालता ओरडतो,
कुणी मोजायला नसलं तरी.

माझ्या घरी स्वयंपाकघर आणि बैठक
यांत साडेचार मीटर.
बायको हाक मारते
आणि मी लगेच ओ देत नाही.
आधी मोजतो.